डेटा सेंटर डोंबिवलीत, मग डोंबिवलीकर लोकलमध्ये का? गोष्ट व्हर्च्युअल मशीनची

सकाळी आठच्या सुमारास डोंबिवलीत जलद लोकलच्या फलाटावर उभे राहिलात, तर एक दृश्य रोज दिसतं. गाडी दिसू लागली की पाठीवरच्या सॅक पोटावर येतात. त्यातल्या बऱ्याच सॅकमध्ये कंपनीचा लॅपटॉप असतो. मग ठाण्यापर्यंत एका पायावर उभं राहायचं, तिथे नऊ-दहा नंबरच्या फलाटावर जाऊन ट्रान्स हार्बर पकडायची, ऐरोलीला किंवा रबाळ्याला उतरायचं, गेटवर कार्ड दाखवायचं, जागेवर बसायचं आणि तो लॅपटॉप उघडायचा.

आता गंमत बघा. बऱ्याच आयटी कंपन्यांमध्ये त्या लॅपटॉपवर खरं काम फारसं होतच नाही. कोड लिहिला जातो, चालवला जातो, तपासला जातो तो कुठल्यातरी डेटा सेंटरमधल्या संगणकावर. लॅपटॉप ही त्या संगणकात डोकावायची खिडकी असते, आणि ही खिडकी डोंबिवलीतल्या घरातूनही तशीच उघडते. कोविडच्या काळात ती तशी उघडली होतीच.

त्या लांबच्या संगणकाला ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणतात, तोंडी भाषेत नुसतं ‘व्हीएम’.

हा विषय आत्ता काढायचं कारण म्हणजे दोन बातम्या. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्रा स्टेशनजवळच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारातले प्रवासी खाली पडले आणि त्यातल्या किमान चौघांचा मृत्यू झाला. कामाला निघालेली माणसं होती ती. त्यानंतर तीन महिन्यांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, राज्य सरकार आणि लोढा डेव्हलपर्स यांच्यात पलावा इथे ‘हरित एकात्मिक डेटा सेंटर पार्क’ उभारण्याचा सामंजस्य करार झाला. गुंतवणुकीचा आकडा ३० हजार कोटी रुपयांचा. ॲमेझॉन आणि सिंगापूरची एसटीटी या कंपन्यांनी तिथे आधीच जमीन घेतली आहे.

थोडक्यात, ज्या संगणकांवर काम करण्यासाठी डोंबिवलीकर रोज बाहेर जातो, तसेच हजारो संगणक डोंबिवलीच्या वेशीवर राहायला येतायत. मग माणसाने तरी जायचं का? याचं उत्तर शोधायचं तर आधी व्हीएम म्हणजे काय आणि ते लावतात कसं, हे समजून घ्यायला हवं.

एका प्लॉटवरचा टॉवर

डोंबिवलीत जुनी बैठी घरं पाडून टॉवर होताना आपण सगळ्यांनीच पाहिलेत. प्लॉट तोच, पण जिथे एक कुटुंब राहायचं तिथे चाळीस राहायला लागतात. प्रत्येकाचा दरवाजा वेगळा, स्वयंपाकघर वेगळं, विजेचा मीटर वेगळा. पाचव्या मजल्यावर कोणी भिंत तोडली तर सहाव्या मजल्याला त्याचा पत्ता लागू नये, अशी अपेक्षा असते.

व्हर्च्युअल मशीन हे असंच आहे. प्लॉट म्हणजे खराखुरा संगणक, म्हणजे त्याचा प्रोसेसर, रॅम आणि डिस्क. त्यावर ‘हायपरवायझर’ नावाचं सॉफ्टवेअर बसवतात. ते बिल्डर आणि सोसायटीचा सेक्रेटरी अशी दोन्ही कामं करतं. ते एका संगणकाचे अनेक वेगळे संगणक भासवतं आणि प्रत्येकाला ठरावीक रॅम, ठरावीक प्रोसेसर, ठरावीक डिस्क वाटून देतं. आत बसलेल्या विंडोजला किंवा लिनक्सला वाटतं की अख्खा संगणक आपलाच आहे.

कल्पना अजिबात नवी नाही. आयबीएमने १९६० च्या दशकातच आपल्या मोठ्या संगणकांवर हे करून पाहिलं होतं आणि १९७२ मध्ये ‘व्हीएम/३७०’ नावाने ते बाजारात आणलं. साध्या घरगुती संगणकावर ते आलं १९९९ मध्ये, व्हीएमवेअर या कंपनीच्या ‘वर्कस्टेशन’मुळे. आज ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गुगल जे ‘क्लाउड’ म्हणून विकतात, त्याचा पाया हाच आहे. ॲमेझॉनचा मुंबई विभाग जून २०१६ मध्ये सुरू झाला. मायक्रोसॉफ्टचा त्याच्या आदल्या वर्षी आला, गुगलचा पुढच्या वर्षी.

‘कंटेनर’ किंवा ‘डॉकर’ हे शब्दही याच्या जोडीने कानावर पडतात. कंटेनर म्हणजे पेइंग गेस्ट. खोली स्वतंत्र, पण स्वयंपाकघर सगळ्यांचं एक. तो हलका असतो, पटकन सुरू होतो, पण त्याला स्वतःची वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम नसते. प्रत्यक्षात बहुतेक कंटेनर कुठल्यातरी व्हीएमच्या पोटातच चालत असतात. पीजी शेवटी कुणाच्यातरी फ्लॅटमध्येच असतो, तसं.

“माझ्या लॅपटॉपवर तर चालत होतं”

हे वाक्य कुठल्याही सॉफ्टवेअर टीममध्ये आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं. एकाच्या लॅपटॉपवर पायथनची एक आवृत्ती, दुसऱ्याच्या लॅपटॉपवर दुसरी. एकाकडे विंडोज, तर प्रोग्राम शेवटी चालणार लिनक्सच्या सर्व्हरवर. घरी नीट चाललेला प्रोग्राम ग्राहकाकडे गेला की कोलमडतो.

यावरचा उपाय म्हणजे सगळ्यांना एकसारखा संगणक देणं. खरा संगणक सगळ्यांना एकसारखा देणं महाग पडतं, व्हर्च्युअल मात्र देता येतो. एक व्हीएम नीट लावायचं, त्यात लागणारी सगळी अवजारं बसवायची आणि त्याच्या प्रती टीमला वाटायच्या. उद्या नवा माणूस आला तर त्याचा पहिला आठवडा इन्स्टॉलेशनमध्ये जात नाही. काही बिघडलं तर ते मशीन पुसून नवीन घेता येतं, लॅपटॉपला धक्का न लावता.

म्हणूनच नोकरीच्या जाहिरातीत नुसतं ‘जावा येतं’ एवढं आता पुरत नाही. लिनक्सवर वावरता येतं का, सर्व्हर उभा करता येतो का, हे विचारलं जातं. कल्याण-डोंबिवलीतून बीएससी आयटी किंवा इंजिनीअरिंग करणाऱ्या मुलांसाठी शिकण्याची खरी जागा इथे आहे, आणि ती जवळजवळ फुकट आहे. अडचण येते ती लॅपटॉपची.

८ जीबीच्या लॅपटॉपवर व्हीएम लावायचं तर

यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ १६ किंवा ३२ जीबी रॅमच्या संगणकावर बनवलेले असतात. आपल्याकडच्या विद्यार्थ्याकडे साधारण ८ जीबीचा, चार-पाच वर्षं जुना लॅपटॉप असतो, कधी मोठ्या भावाने वापरून झालेला. त्यामुळे ‘असं करा, तसं करा’ बघून केलेलं व्हीएम रांगायला लागतं आणि मुलगा किंवा मुलगी ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून सोडून देते. दोष तिचा नसतो. मशीनला रॅम वाटताना हिशोब चुकलेला असतो.

पहिलं काम म्हणजे प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय चालू आहे का, ते बघणं. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘सीपीयू’वर जा. खाली व्हर्च्युअलायझेशनपुढे ‘डिसेबल्ड’ असेल, तर लॅपटॉप सुरू होताना बायोसमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं. इंटेलच्या प्रोसेसरवर त्याचं नाव ‘व्हीटी-एक्स’ असतं, एएमडीवर ‘एसव्हीएम’. ही एक खूण बंद राहिल्यामुळे संध्याकाळ वाया घालवलेले लोक मी पाहिलेत. त्यातली एक मी स्वतः.

दुसरं, हायपरवायझर निवडा. ओरॅकलचं ‘व्हर्च्युअलबॉक्स’ वर्षानुवर्षं फुकट मिळतं. मायक्रोसॉफ्टचं ‘हायपर-व्ही’ विंडोज प्रो आवृत्तीत असतं, पण दुकानातून घेतलेल्या बऱ्याचशा लॅपटॉपमध्ये ‘होम’ आवृत्ती असते. तिथे ते मिळत नाही. होमवाल्यांसाठी ‘डब्ल्यूएसएल’ ही सोय आहे. ती विंडोजच्या आतच लिनक्स चालवते आणि रोजच्या सरावाला उत्तम आहे. पण नेटवर्क, डिस्क, बूट या गोष्टी मुळापासून शिकायच्या असतील तर पूर्ण व्हीएम लावून बघणं बरं.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये मशीन सुरू केल्यावर खालच्या पट्टीवर हिरवं कासव दिसलं, तर समजा की विंडोजचा स्वतःचा हायपरवायझर आधीच जागा अडवून बसलाय आणि तुमचं मशीन त्याच्या डोक्यावर चालतंय. चालेल, पण नावाप्रमाणेच. ज्याने हे चिन्ह निवडलं त्याला विनोदाची जाण होती.

आता रॅम. ८ जीबीपैकी विंडोज आणि ब्राउझर मिळून चार जीबीच्या आसपास सहज खातात. उरलेल्यात उबुंटूची डेस्कटॉप आवृत्ती बसवायची म्हटलं तर तिलाच चार जीबी हवेत. म्हणजे दोघंही उपाशी. त्यापेक्षा उबुंटूची ‘सर्व्हर’ आवृत्ती घ्या. तिच्यात खिडक्या, चित्रं, माऊस काही नसतं, फक्त काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर. सुरुवातीला बिचकायला होतं, पण तिला दोन जीबी दिले तरी ती मजेत चालते. आणि पुढे नोकरीत ज्या मशीनशी गाठ पडणार आहे, तेही बहुधा असंच असतं. प्रोसेसरचे दोन कोअर द्या, अर्ध्याहून जास्त देऊ नका. डिस्क २५ जीबीची धरा, पण ‘डायनॅमिक’ प्रकारची. म्हणजे जेवढी वापराल तेवढीच जागा खऱ्या डिस्कवर जाईल.

लॅपटॉपमध्ये अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर रॅमवर खर्च करण्याआधी एसएसडी बसवून घ्या. व्हीएम सतत डिस्कवर लिहीत-वाचत असतं, त्यामुळे हा फरक लगेच जाणवतो.

मग नेटवर्क. इथे बरेच जण अडखळतात. ‘एनएटी’ पर्याय ठेवला तर व्हीएम इंटरनेटवर जाऊ शकतं, पण बाहेरून कोणी आत येऊ शकत नाही. अगदी तुमचा स्वतःचा लॅपटॉपही नाही. त्यासाठी ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ लावतात. लॅपटॉपच्या २२२२ क्रमांकाच्या दारावर कोणी टकटक केली की त्याला व्हीएमच्या २२ क्रमांकाच्या दारावर पाठवायचं. हे २२ म्हणजे ‘एसएसएच’चं दार, लांबून मशीनमध्ये शिरायचा ठरलेला मार्ग. ते उघडलं की विंडोजमधला नेहमीचा एडिटर, उदाहरणार्थ व्हीएस कोड, थेट व्हीएमला जोडता येतो. टाइप विंडोजमध्ये करायचं, प्रोग्राम चालणार लिनक्समध्ये. वर सांगितलेल्या ‘खिडकी’चं हे घरगुती रूप आहे. एकदा हे जमलं की ते व्हीएम तुमच्या लॅपटॉपमध्ये आहे, रबाळ्यात आहे की अमेरिकेत, याने वापरणाऱ्याला फारसा फरक पडत नाही.

सगळं नीट लागलं की एक ‘स्नॅपशॉट’ घ्या. मशीन या क्षणी जसं आहे तसं गोठवून ठेवायची ती सोय असते. नंतर कितीही मोडतोड केली तरी दोन क्लिकमध्ये मागे येता येतं. मात्र स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका. तो त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की तोही गेला. आपला कोड गिटवर ठेवायचाच.

मॅकवाल्यांसाठी एवढंच, की नोव्हेंबर २०२० पासून आलेल्या ॲपलच्या स्वतःच्या चिपवर एआरएम जातीचं लिनक्स लागतं. नेहमीची फाइल उतरवलीत तर मशीन सुरूच होणार नाही.

फुकट झालेलं आणि फुकट न राहिलेलं

या बाजारात २०२३ पासून मोठी उलथापालथ झाली आहे. ब्रॉडकॉम या अमेरिकी चिप कंपनीने २२ नोव्हेंबर २०२३ रोजी व्हीएमवेअर ताब्यात घेतली. त्यानंतर कायमचे परवाने बंद करून वर्गणीची पद्धत आणली. जगभरच्या कंपन्यांचे आयटी विभाग वाढीव बिलं पाहून हादरले आणि अनेकांनी न्यूटॅनिक्स, प्रॉक्समॉक्स, हायपर-व्ही अशा पर्यायांकडे बघायला सुरुवात केली. असं स्थलांतर म्हणजे हजारो मशीन एका टॉवरमधून दुसऱ्या टॉवरमध्ये हलवणं. ते करायला माणसं लागतात. ही कामं भारतीय आयटी कंपन्यांकडेही येतात.

विद्यार्थ्यांच्या पदरात मात्र उलटीच गोष्ट पडली. ‘वर्कस्टेशन प्रो’ हे व्हीएमवेअरचं एकेकाळचं महागडं सॉफ्टवेअर नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांसाठी फुकट झालं, व्यावसायिक वापरासाठीही.

तिसरी घडामोड विंडोज १० ची. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा आधार बंद केला आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर बंधनकारक आहे. त्यामुळे चांगले चालणारे कितीतरी लॅपटॉप एका रात्रीत ‘जुने’ ठरले. असा लॅपटॉप भंगारात देण्याऐवजी त्यावर थेट लिनक्स बसवून त्याचा सर्व्हर करता येतो. सरावाला याहून स्वस्त काही नाही.

लॅपटॉप अगदीच दुबळा असेल तर क्लाउडवर व्हीएम भाड्याने घेता येतं. इथे मात्र जपून. ॲमेझॉनच्या ‘१२ महिने फुकट’ योजनेचे व्हिडिओ अजून फिरतायत, पण जुलै २०२५ नंतर उघडलेल्या खात्यांना ती योजना लागू नाही. त्यांना २०० डॉलरपर्यंतचं क्रेडिट मिळतं आणि फुकट खात्याची मुदत सहा महिन्यांची असते. शिवाय मशीन ‘थांबवलं’ म्हणजे बिल थांबलं असं नसतं. प्रोसेसरचं भाडं थांबतं, डिस्कचं चालू राहतं. सार्वजनिक आयपी पत्त्यालाही फेब्रुवारी २०२४ पासून तासाला अर्धा सेंट लागतो. भाड्याच्या घराला कुलूप लावून गावी गेलात तरी भाडं भरावं लागतं, तसंच. खातं उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत खर्चाची सूचना देणारा अलार्म लावा, आणि २२ क्रमांकाचं दार अख्ख्या जगासाठी उघडं ठेवू नका. ते उघडं दिसलं की काही मिनिटांत अनोळखी यंत्रं पासवर्डचा अंदाज बांधायला सुरुवात करतात.

मशीन मुंबई विभागातलं घ्यायचं की अमेरिकेतलं? अमेरिकेतलं बहुधा थोडं स्वस्त पडतं, पण प्रत्येक कळ दाबल्यावर अक्षर उमटायला जाणवेल इतका वेळ लागतो. काळ्या पडद्यावर दिवसभर काम करायचं असेल तर हे फार चिडचिडं होतं.

मग घरून काम का नाही?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मशीन डेटा सेंटरमध्ये आहे आणि खिडकी कुठूनही उघडते, हे तंत्रज्ञान २०२० च्या आधीपासून होतं. अडत होतं ते नियमांवर. कॉल सेंटर आणि बीपीओ यांसारख्या सेवांना दूरसंचार खात्याची ‘ओएसपी’ नियमावली लागू होती. कर्मचाऱ्याने घरून काम करायचं तर कंपनीला अनामत रक्कम, ठरावीक प्रकारची सुरक्षित जोडणी अशा अटी पाळाव्या लागत. १३ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या काही दिवस आधी, या अटी तात्पुरत्या शिथिल झाल्या आणि ५ नोव्हेंबर २०२० ला नोंदणीची अटच काढून टाकली गेली. वर्षानुवर्षं ‘शक्य नाही’ म्हटलं जाणारं काम काही दिवसांत शक्य झालं.

ऐरोलीच्या माइंडस्पेससारख्या संकुलांतला काही भाग ‘सेझ’मध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात येतो. तिथे करसवलत मिळते ती त्या कुंपणाच्या आत होणाऱ्या कामाला. संगणकसुद्धा परवानगीशिवाय बाहेर नेता येत नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राने ४३-ए हा नियम आणून निम्म्या कर्मचाऱ्यांना घरून काम करायची मुभा दिली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती सगळ्यांसाठी खुली केली आणि पुढे मुदतही वाढवली. म्हणजे कायद्याचं कुंपणही बरंच खाली आलं.

तरीही माणसं लोकलमध्ये परतली. टीसीएसचं उदाहरण बोलकं आहे. ठाण्यात पोखरण रोडवरचं यंत्र पार्क आणि घोडबंदर रोडवरची कार्यालयं यामुळे या भागातल्या कितीतरी घरांत टीसीएसचा कुणीतरी असतोच. एप्रिल २०२० मध्ये कंपनीने जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत फक्त २५ टक्के कर्मचाऱ्यांना एका वेळी कार्यालयात यावं लागेल. त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाच दिवस कार्यालयात हजर राहायला सांगितलं.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. नवीन मुलगा शेजारी बसलेल्या सीनियरकडून जे शिकतो ते व्हिडिओ कॉलवर शिकत नाही, हे खरं आहे. एकाच वेळी दोन नोकऱ्या करणाऱ्यांची धास्तीही कंपन्यांना आहे. सुरक्षेचा मुद्दाही आहे. एप्रिल २०२० मध्ये कॉग्निझंटवर ‘मेझ’ रॅन्समवेअरचा हल्ला झाला. तेव्हा घरून काम करण्यासाठी उभारलेल्या व्हर्च्युअल डेस्कटॉपच्या यंत्रणेलाच फटका बसल्याचं कंपनीने सांगितलं होतं. सगळी मशीन एका टॉवरमध्ये ठेवली की टॉवरच्या दाराला चांगलंच कुलूप लागतं.

पण सुरक्षेचं कारण पुढे करताना एक विसंगती राहते. व्हीएममुळे कोड आणि ग्राहकाची माहिती कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपवर येतच नाही, ती डेटा सेंटरमध्येच राहते. कंपन्यांनी ही पद्धत स्वीकारली तीच मुळी यासाठी. मग तोच लॅपटॉप डोंबिवलीऐवजी ऐरोलीत उघडल्याने ती माहिती जास्त सुरक्षित कशी होते, याचं समाधानकारक उत्तर मला तरी कुठे वाचायला मिळालं नाही. माझ्या मते हा निर्णय तंत्रज्ञानाचा नाही, व्यवस्थापनाचा आहे. तो तसाच मांडला गेला तर निदान त्यावर बोलता येईल. आठवड्यातून तीन दिवस बोलवायचं का, वेळ अकराची द्यायची का, यावर वाटाघाटी होऊ शकतात. गर्दीच्या वेळा बदला, अशी विनंती मध्य रेल्वे कार्यालयांना अधूनमधून करतच असते.

घरून काम म्हणजे सगळं सुरळीत, असंही नाही. १२ ऑक्टोबर २०२० आठवतो का? सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा वाहिन्यांमध्ये बिघाड झाला आणि मुंबईसह ठाण्याच्या मोठ्या भागाची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. डेटा सेंटर डिझेल जनरेटरवर चालू राहतात, त्यांची रचनाच तशी असते. म्हणजे व्हीएम जिवंत होतं, पण घरचा राउटर मेला होता आणि मोबाइल टॉवरही दम टाकत होते. मशीन कितीही पक्कं असलं तरी खिडकीला वीज लागते.

पलावात कोण येणार?

आता शेवटचा मुद्दा, आणि कदाचित सर्वांत कमी बोलला जाणारा. डेटा सेंटर येतंय म्हटल्यावर ‘आता इथेच नोकऱ्या’ असं अनेकांना वाटतं. करारातले आकडे पाहू. गुंतवणूक ३० हजार कोटी, प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष रोजगार सुमारे ६ हजार. भागाकार केला तर एका रोजगारामागे पाच कोटी रुपये. हा पैसा इमारती, वीज, थंड करणारी यंत्रणा आणि सर्व्हर यांत जातो. डेटा सेंटरमध्ये कामाला असतात ते मुख्यतः इलेक्ट्रिशियन, वातानुकूलन तंत्रज्ञ, सुरक्षारक्षक, नेटवर्क बघणारे काही अभियंते. आयटीआय झालेल्या मुलांसाठी ही चांगली संधी आहे आणि तिची जाहिरात कमी होते. पण तिथल्या मशीनवर कोड लिहिणारा माणूस तिथे नसतो. तो ठाण्यात असेल, पुण्यात असेल, पोलंडमध्येही असू शकेल.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर हे आधीच घडलेलं आहे. महापे, रबाळे, ऐरोली या जुन्या औद्योगिक पट्ट्यात कंट्रोल-एस, सिफी, प्रिन्स्टन डिजिटल अशा कंपन्यांची डेटा सेंटर उभी राहिली. जिथे कारखान्याची शिफ्ट सुटताना रस्ता भरायचा, तिथे आता बंद भिंती आणि जनरेटरचा आवाज आहे. सॉफ्टवेअरवाल्यांची गर्दी आहे ती शेजारच्या आयटी पार्कमध्ये, आणि ती तिथे आहे ती जागेच्या दरामुळे आणि स्टेशन जवळ असल्यामुळे. डेटा सेंटर शेजारी आहेत म्हणून नव्हे.

जी नोकरी व्हीएमवरून कुठूनही करता येते, ती कुठेही जाऊही शकते. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हा या भागातल्या अनेक घरांमध्ये गृहकर्जाचा हिशोब पुन्हा मांडला गेला असणार. लोकलची गर्दी नको आणि नोकरी हातची जाऊ नये, या दोन्ही इच्छा एकाच घरात नांदतायत. घरून काम मागणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, म्हणून तो मोठ्याने मागत नाही.

दरम्यान, डोंबिवली ते ऐरोली हे अंतर नकाशावर सरळ रेषेत अकरा-बारा किलोमीटर आहे, मध्ये पारसिकचा डोंगर. कल्याणकडच्या प्रवाशांना ठाण्यात न उतरता थेट नवी मुंबईला जाता यावं म्हणून कळवा-ऐरोली उन्नत रेल्वेमार्ग २०१६ मध्ये मंजूर झाला. त्यातलं दिघा गाव स्टेशन १२ जानेवारी २०२४ ला सुरू झालं. कळव्याच्या बाजूचं काम पुनर्वसनाच्या प्रश्नात अडकलं. डोंगरातून जाणाऱ्या कटाई-ऐरोली रस्त्याचंही काम कित्येक वर्षं चालू आहे. त्यामुळे पलावातल्या व्हर्च्युअल मशीनवर काम करायलासुद्धा डोंबिवलीकराला तूर्तास ठाण्यात गाडी बदलावी लागणार, आणि नऊ-दहा नंबरच्या फलाटाकडे जाणारा पूल सकाळी नेहमीसारखाच भरलेला असणार.